शॉर्टकटची टक्कर आणि क्रॅश होणारं सॉफ्टवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादा शॉर्टकट दाबला आणि समोरचं सॉफ्टवेअर गायब झालं, गोठलं किंवा भलतंच काही उघडलं, अशा तक्रारींची उत्तरं इथे दिली आहेत. काम जतन केलेलं नसताना प्रोग्रॅम बंद पडला की तासातासाची मेहनत जाते, म्हणून आधी शेवटून तिसरा प्रश्न वाचा आणि मगच प्रयोग सुरू करा.

दोन प्रोग्रॅमना एकच शॉर्टकट हवा असेल, तर एवढ्याने क्रॅश होतो?

होऊ शकतो, पण टक्कर हे निमित्त असतं. एकाने आधीच घेतलेला शॉर्टकट दुसऱ्याने मागितला की ऑपरेटिंग सिस्टीम त्याला नकार देते. विंडोजमध्ये हा नकार १४०९ क्रमांकाच्या त्रुटीने येतो: हा शॉर्टकट आधीच नोंदवलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. नीट लिहिलेला प्रोग्रॅम तो वाचतो, तुम्हाला एक संदेश दाखवतो आणि पुढे चालू राहतो. नकार मिळाला तर काय करायचं हे ज्यात लिहिलेलंच नसतं, तो प्रोग्रॅम कोसळतो, आणि तोही बहुधा उघडताक्षणी, कारण शॉर्टकटची नोंदणी सुरुवातीलाच होते.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण लिनक्सवरच्या एक्स११ मध्ये, म्हणजे पडदा, कीबोर्ड आणि माउस सांभाळणाऱ्या व्यवस्थेत, दिसतं. तिथे दुसऱ्याने पकडलेलं बटण मागितलं की ‘बॅड ॲक्सेस’ ही त्रुटी मिळते. प्रोग्रॅमने तिची स्वतः दखल घेतली नसेल, तर एक्सलिब या लायब्ररीची ठरलेली वागणूक म्हणजे त्रुटी छापायची आणि प्रोग्रॅम तिथेच संपवायचा. टर्मिनलमधून प्रोग्रॅम सुरू केलात आणि ‘एक्स ग्रॅब की’ असा उल्लेख दिसला, तर शोध तिथेच संपला.

याउलट इलेक्ट्रॉनवर (वेब तंत्रज्ञानातून डेस्कटॉप ॲप बनवण्याच्या चौकटीवर) बांधलेल्या ॲप्समध्ये नोंदणी फसली तरी काहीच आवाज होत नाही. शॉर्टकट नुसता मुका राहतो.

म्हणूनच सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला इथे सहसा वाया जातो. शॉर्टकट बळकावणारा दुसरा प्रोग्रॅम जागेवरच असतो, आणि तुमच्या जुन्या सेटिंग्जही बहुतेक वेळा तशाच परत येतात.

मला क्रॅश वाटतंय ते खरंच क्रॅश आहे का?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, कारण बऱ्याच ‘क्रॅश’मध्ये सॉफ्टवेअर पूर्ण ठणठणीत असतं.

कंट्रोल + डब्ल्यू टॅब बंद करतं आणि त्याच्या अगदी शेजारचं कंट्रोल + क्यू अनेक प्रोग्रॅममध्ये सगळंच बंद करतं. बोट एका बटणाने सरकलं की ब्राउझर क्षणात नाहीसा होतो. फायरफॉक्स आणि मॅकवरचं क्रोम यांच्यात बाहेर पडण्याआधी विचारणा करण्याची सोय आहे. ती चालू करून ठेवा.

टर्मिनलमध्ये सवयीने कंट्रोल + एस दाबलं की पडदा गोठतो. ही फार जुन्या टर्मिनलांपासून चालत आलेली ‘थांब’ची खूण आहे. कंट्रोल + क्यू दाबा, सगळं पुन्हा वाहू लागेल. तिथेच कंट्रोल + झेड दाबलं, तर चालू काम मरत नाही, बाजूला उभं राहतं आणि परत पुढे आणता येतं.

लिनक्सवर कंट्रोल + ऑल्ट + एफ३ यासारखं काही दाबलं गेलं, तर काळा पडदा आणि लॉगिनची ओळ दिसते. संगणक कोसळलेला नसतो, तुम्ही दुसऱ्या कन्सोलवर गेलेले असता. कंट्रोल आणि ऑल्ट धरून एफ१, एफ२ किंवा एफ७ दाबून पाहा. त्यांतल्या एकावर तुमचा डेस्कटॉप असतो.

विंडोजवर शिफ्ट पाच वेळा दाबलं की स्टिकी कीज विचारणा करतं. उजवं शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवलं की फिल्टर कीज येतं आणि त्यानंतर भराभर टाइप केलेली अक्षरं गिळली जातात. कीबोर्ड बिघडला असं वाटणाऱ्यांनी ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंग्ज एकदा उघडून पाहाव्यात. एक्सेलमध्ये बाणाच्या बटणांनी सेल बदलायचं सोडून अख्खी शीट सरकत असेल, तर स्क्रोल लॉक चालू आहे.

यातलं काहीच लागू होत नसेल, तर पुढचा फरक करा. खिडकी अचानक नाहीशी झाली तर क्रॅश. खिडकी जागेवर आहे पण फिकट झाली आणि ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसतंय, तर हँग. प्रोग्रॅमने पाच सेकंद संदेश उचलले नाहीत की विंडोज हा शिक्का मारतं. हँगमधून प्रोग्रॅम परत येऊ शकतो, म्हणून लगेच टास्क मॅनेजरकडे धावू नका.

बटण दाबल्यावर ते नक्की कुणाकुणाच्या हातातून जातं?

हे एकदा समजलं की बाकीची उत्तरं तुम्हीच काढू शकाल.

विंडोजमध्ये सर्वांत आधी खालच्या पातळीवरचे ‘हूक’, म्हणजे बटणं वाटेतच पकडणारे गळ, असतात. मॅक्रो (एका बटणावर चालणारी कामांची मालिका) चालवणारे, बटणं बदलून देणारे, स्क्रीन रेकॉर्ड करणारे प्रोग्रॅम इथे बसतात. त्यातला कुणीही बटण बघू शकतो, बदलू शकतो किंवा गिळून टाकू शकतो. तिथून सुटलेलं बटण नोंदवलेल्या ग्लोबल शॉर्टकटच्या (कुठलीही खिडकी समोर असली तरी चालणाऱ्या) यादीशी ताडलं जातं. तिथेही कुणाचं नसेल, तर समोरच्या खिडकीला मिळतं. त्या खिडकीच्या आतही रांग असते: ॲड-इन, एक्स्टेन्शन, मेनू, आणि ब्राउझर असेल तर वेबपेज.

हूक मांडलेल्या प्रोग्रॅमला प्रत्येक बटणाचं उत्तर ठरावीक वेळात द्यावं लागतं. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ही मर्यादा जास्तीत जास्त १००० मिलिसेकंद आहे. हूक रेंगाळला की प्रत्येक अक्षर उशिरा उमटतं आणि समोरचा निरपराध प्रोग्रॅम हँग झाल्यासारखा दिसतो. वारंवार उशीर झाला, तर विंडोज ७ पासून पुढे सिस्टीम तो हूक न सांगता काढून टाकते. ‘सकाळी चालणारा शॉर्टकट दुपारी मरतो, संगणक पुन्हा सुरू केला की चालतो’ ही तक्रार ऐकली की पहिला संशय मी यावरच घेतो.

नेमका दोषी शोधायचा कसा?

पहिली चाचणी अगदी साधी आहे आणि लोक नेमकी तीच वगळतात. शॉर्टकटने जी आज्ञा द्यायची आहे, ती माउसने मेनूतून द्या. मेनूतूनही सॉफ्टवेअर कोसळलं, तर शॉर्टकटचा काही संबंध नाही, ती आज्ञाच सदोष आहे. मेनूतून सुरळीत चाललं आणि शॉर्टकटनेच कोसळलं, तरच टकरीच्या मागे लागा.

दुसरी चाचणी: तो प्रोग्रॅम पूर्ण बंद करा, रिकाम्या डेस्कटॉपवर क्लिक करा आणि तोच शॉर्टकट दाबा. काहीही हललं, एखादी खिडकी उघडली, स्क्रीनशॉट निघाला, आवाज म्यूट झाला, तर मालक समोर आला. मात्र काहीच झालं नाही म्हणजे शॉर्टकट मोकळा आहे असा अर्थ काढू नका. गुपचूप बटण गिळणारेही असतात.

तिसरी: त्या आज्ञेला तात्पुरता वेगळा शॉर्टकट द्या. नव्या शॉर्टकटने ती चालली, तर जुन्याचा कुणीतरी वाटेकरी आहे.

मग पार्श्वभूमीतले प्रोग्रॅम बंद करायला घ्या. एकेक करून बंद करत बसू नका. निम्मे बंद करा आणि तपासा. त्रास थांबला तर दोषी त्या निम्म्यात, नाही तर उरलेल्यात. सोळा प्रोग्रॅम असले तरी चार फेऱ्यांत एक उरतो. घड्याळाशेजारच्या बाणामागे लपलेली चिन्हं विसरू नका, बहुतेक गुन्हेगार तिथेच राहतात. एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर विंडोजमध्ये सिस्टीम कॉन्फिगरेशन उघडून मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवा, बाकीच्या बंद करा आणि संगणक नव्याने सुरू करून बघा. काम झाल्यावर त्या सेवा परत चालू करायच्या आहेत हे लिहून ठेवा.

कुठला शॉर्टकट कुणाकडे आहे याची यादी मिळते का?

विंडोजमध्ये अशी तयार यादी नाही, आणि ही मोठी उणीव आहे. मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या जोडसाधनांच्या संचाच्या अलीकडच्या आवृत्त्या आपल्या शॉर्टकटची टक्कर होत असेल तर इशारा देतात. हॉटकी डिटेक्टिव्ह नावाचं एक छोटं मोफत साधन आहे. ते चालू ठेवून शॉर्टकट दाबला की तो कुठल्या प्रोग्रॅमने उचलला हे दाखवतं.

एक लपलेली जागा आवर्जून तपासा. डेस्कटॉपवरच्या कुठल्याही शॉर्टकट चिन्हाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शॉर्टकट की’ असा रकाना असतो. कुणीतरी कधीतरी तिथे कंट्रोल + ऑल्ट + अक्षर भरून ठेवलेलं असतं आणि मग ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.

मॅकवर सिस्टीम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स या वाटेने गेलात की सिस्टीमच्या स्वतःच्या शॉर्टकटमधली टक्कर पिवळ्या त्रिकोणाने दिसते. बाहेरून टाकलेल्या ॲप्सचे शॉर्टकट मात्र त्यात येत नाहीत. लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर आधीच वापरात असलेला शॉर्टकट नव्या कामाला दिलात, तर तो कुणाकडून काढून घ्यायचा हे विचारलं जातं.

संशय आधी कुणावर घ्यावा?

ग्राफिक्स कार्डाबरोबर येणारे ओव्हरले (चालू प्रोग्रॅमच्या वर आपला थर दाखवणारी साधनं), स्क्रीन रेकॉर्डर, क्लिपबोर्डचा इतिहास ठेवणारी साधनं, झटपट ॲप उघडून देणारे लाँचर, कीबोर्ड-माउस कंपन्यांची सॉफ्टवेअर आणि व्हिडिओ मीटिंगची ॲप्स. एनव्हिडियाच्या ओव्हरलेला ऑल्ट + झेड हवं असतं. तेच व्हीएस कोड या कोड एडिटरमध्ये ओळी गुंडाळून दाखवण्याचं बटण आहे. इंटेलच्या जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये कंट्रोल + ऑल्ट + बाण दाबलं की अख्खा पडदा फिरायचा, आणि कोड लिहिणाऱ्यांना तेच बाण एकाच वेळी अनेक कर्सर ठेवायला लागतात.

शॉर्टकट दाबला, पडदा क्षणभर काळा झाला, बीप वाजला आणि गेम बंद पडला. काय झालं?

बहुधा विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी दाबलं गेलं. हा विंडोजचा ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू करण्याचा शॉर्टकट आहे. साधे प्रोग्रॅम यातून सावरतात. गेम, थ्री-डी आणि व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरना मात्र पायाखालून ग्राफिक्स काढून घेतल्यासारखं होतं आणि त्यांतली काही कोसळतात. तुमच्या मॅक्रोमध्ये ही चार बटणं एकत्र येत नाहीत ना, ते पाहा.

नोंदींमध्ये काय वाचायचं?

विंडोजमध्ये रिलायबिलिटी मॉनिटर उघडा. दिवसवार लाल फुल्या दिसतात आणि इव्हेंट व्ह्यूअरपेक्षा हे वाचायला फार सोपं आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये गेलात तर ॲप्लिकेशन नोंदींत १००० क्रमांक म्हणजे क्रॅश आणि १००२ म्हणजे हँग. ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ या ओळीवर नजर ठेवा. तिथे क्रॅश झालेल्या सॉफ्टवेअरचं नाव नसून एखाद्या ओव्हरलेच्या किंवा ॲड-इनच्या फाइलचं नाव असेल, तर तो तुमच्या सॉफ्टवेअरच्या पोटात शिरून बसलेला पाहुणा आहे. नाव फक्त विंडोजच्या एखाद्या मूळ फाइलचं असेल, तर त्यावरून विंडोजला दोष देऊ नका. चूक दुसरीकडे होते आणि कोसळणं तिथे नोंदलं जातं.

मॅकवर कन्सोल ॲपमधल्या क्रॅश रिपोर्ट्समध्ये हेच मिळतं. कोसळलेल्या थ्रेडच्या (प्रोग्रॅममधल्या कामाच्या धाग्याच्या) वरच्या काही ओळी पुरतात.

फक्त वर्डमध्येच होतंय.

कंट्रोल धरून वर्ड उघडा. सेफ मोडमध्ये सुरू करायचं का, असं विचारलं जाईल. त्यात त्रास नसेल तर ॲड-इन एकेक करून बंद करा. शॉर्टकटची वाटणी पाहायची असेल, तर ऑप्शन्समधल्या कस्टमाइझ रिबनच्या खाली कीबोर्ड शॉर्टकटचं बटण आहे. तिथे नवा शॉर्टकट दाबला की तो सध्या कुणाकडे आहे हे लगेच दिसतं. ‘रीसेट ऑल’ही तिथेच आहे, पण ते दाबलं की तुम्ही स्वतः ठेवलेले शॉर्टकट जातात. हे सगळं नॉर्मल नावाच्या टेम्प्लेटमध्ये साठवलेलं असतं, म्हणून रीसेट करण्याआधी त्या फाइलची प्रत काढा.

लिब्रेऑफिसलाही सेफ मोड आहे, तो हेल्प मेनूतून मिळतो. फायरफॉक्ससाठी शिफ्ट धरून सुरू करायचं.

कोड एडिटरमध्ये?

व्हीएस कोडने हे काम उत्तम केलं आहे. शॉर्टकटच्या यादीत एखाद्या ओळीवर राइट क्लिक करून ‘शो सेम कीबाइंडिंग्ज’ निवडा, सगळे वाटेकरी एकाखाली एक दिसतात. कीबोर्ड शॉर्टकट ट्रबलशूटिंग चालू केलं की प्रत्येक बटणाची नोंद होते आणि कुठली आज्ञा का निवडली गेली ते कळतं. एक्स्टेन्शनवर संशय असेल तर ‘एक्स्टेन्शन बायसेक्ट’ वापरा. वर सांगितलेली निम्म्या-निम्म्याची पद्धत एडिटर स्वतःच करून देतो.

मी बटणं बदलणारी स्क्रिप्ट लिहिली आणि संगणकच हातचा गेला.

स्क्रिप्ट जे बटण पकडते तेच परत पाठवते, आणि पाठवलेलं पुन्हा स्वतःच पकडते. हे चक्र थांबत नाही. अशा स्क्रिप्ट चालवणाऱ्या ऑटोहॉटकी या विंडोजवरच्या साधनामध्ये यासाठी कुंपण घातलेलं आहे: २००० मिलिसेकंदांत ७० पेक्षा जास्त हॉटकी चालल्या की इशारा येतो. तो इशारा त्रासदायक वाटून मर्यादा वाढवणारे भेटतात. तसं करू नका, आधी चक्र तोडा. हॉटकीच्या आधी डॉलरचं चिन्ह लावलं की स्क्रिप्टने स्वतः पाठवलेलं बटण तिला पुन्हा चेतवत नाही. बटणं बदलणारी दोन साधनं एकाच वेळी चालू ठेवली तर तेच चक्र दोघांमध्ये मिळून तयार होऊ शकतं, आणि ते शोधणं जास्त कठीण जातं.

देवनागरी टाइप करायला लागलं की शॉर्टकट बिघडतात.

याची दोन कारणं असतात. एक, विंडोजमध्ये भाषा बदलायला ऑल्ट + शिफ्ट किंवा कंट्रोल + शिफ्ट ठेवलेलं असतं, आणि कितीतरी शॉर्टकटची सुरुवात याच दोन बटणांनी होते. तिसरं बटण दाबायचा विचार बदलला तरी भाषा बदलून जाते. प्रगत कीबोर्ड सेटिंग्जमध्ये जाऊन ही दोन्ही काढून टाका. विंडोज + स्पेसने भाषा बदलतेच. मॅकवर कंट्रोल + स्पेस भाषा बदलतं आणि अनेक एडिटरमध्ये तेच शब्द सुचवण्यासाठी असतं.

दुसरं कारण प्रोग्रॅममधलं आहे. काही सॉफ्टवेअर कुठलं बटण दाबलं हे बघत नाहीत, त्यातून कुठलं अक्षर निघालं ते बघतात. मग कंट्रोलबरोबर सी ऐवजी देवनागरी अक्षर आलं की ती गोंधळतात. भाषा बदलून इंग्रजी केल्यावर तोच शॉर्टकट चालला, तर हेच कारण आहे, आणि ते निर्मात्यांना कळवण्याजोगं आहे.

स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी काय करावं? सगळे सांगतात, तो बंद करून बघा.

हा सल्ला देऊ नये आणि घेऊही नये. जो माणूस पडदा ऐकून काम करतो, त्याला तो ऐकायचा बंद करून चाचणी कर म्हणणं म्हणजे मदत नव्हे. एनव्हीडीए या विंडोजवरच्या स्क्रीन रीडरमध्ये एनव्हीडीए बटण + एफ२ दाबलं की पुढचा एक शॉर्टकट त्याला न अडवता थेट प्रोग्रॅमकडे जातो. चाचणीसाठी एवढं पुरतं. एनव्हीडीएचं बटण म्हणून इन्सर्ट आणि कॅप्स लॉक यांपैकी काय वापरायचं हेही बदलता येतं. कॅप्स लॉकवर दुसरं काही काम लावणाऱ्या साधनांशी टक्कर होत असेल, तर ते साधन बदला. स्क्रीन रीडर आहे तसा राहू द्या.

ॲडमिन म्हणून चालवलेल्या खिडकीत माझे शॉर्टकट चालत नाहीत.

ही सुरक्षेची रचना आहे. साध्या अधिकारांनी चालणारा हूक ॲडमिन खिडकीतली बटणं पाहू शकत नाही. मॅकवर पासवर्डच्या चौकटीतही असंच संरक्षण असतं. यावर उपाय म्हणून सगळीच साधनं ॲडमिन म्हणून चालवू नका.

रिमोट डेस्कटॉपमध्ये शॉर्टकट भलत्याच संगणकावर लागतो.

जोडणीच्या सेटिंग्जमध्ये लोकल रिसोर्सेसखाली विंडोज बटणाचे शॉर्टकट कुठे पाठवायचे हे निवडता येतं: या संगणकावर, दूरच्या संगणकावर, की फक्त पूर्ण पडद्यावर असताना. कंट्रोल + ऑल्ट + डिलीट तिकडे पाठवायचं असेल तर कंट्रोल + ऑल्ट + एंड दाबा.

प्रयोग करताना माझं काम कसं वाचवू?

मूळ फाइलवर चाचणी करू नका, प्रत घ्या. वर्डचं ऑटोरिकव्हर मुळात दर १० मिनिटांनी नोंद ठेवतं. चाचणीच्या काळात ते १ किंवा २ मिनिटांवर आणा. हँग झाल्यावर माउस नीट हलत असेल आणि फक्त बटणंच मेली असतील, तर मुख्य प्रोग्रॅम संपवण्याआधी माउसने पार्श्वभूमीतले संशयित बंद करा. अडकलेला हूक निघाला की मुख्य प्रोग्रॅम जतन करण्याइतका जिवंत होण्याची शक्यता असते.

नवा शॉर्टकट कुठला निवडावा?

कंट्रोल + ऑल्ट + अक्षर टाळा. अनेक युरोपीय कीबोर्डवर ऑल्ट-जीआर हे बटण विंडोजला कंट्रोल + ऑल्ट म्हणूनच दिसतं, आणि तिथल्या लोकांचं एखादं अक्षरच तुमच्या शॉर्टकटने पळवलं जातं. विंडोज बटणाच्या जोड्या सिस्टीमच्या आहेत, पुढच्या अपडेटमध्ये त्यातली कुठलीही घेतली जाऊ शकते. एफ१२ डीबगरसाठी (प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या साधनासाठी) राखीव मानलेलं आहे. कंट्रोल + ऑल्ट + डिलीट साध्या प्रोग्रॅमना मिळतच नाही. बटणं नेमून देता येणारा कीबोर्ड असेल, तर एफ१३ ते एफ२४ वापरा. विंडोज त्यांना ओळखतं आणि ती फारसं कुणी मागत नाही.

निर्मात्यांना कळवताना काय लिहावं?

‘शॉर्टकट दाबला की क्रॅश होतो’ एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही. शॉर्टकट कोणता, डावं ऑल्ट की उजवं, तीच आज्ञा मेनूतून चालते का, कीबोर्डची भाषा कोणती होती, दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमबरोबर टक्कर होते आणि त्याची आवृत्ती, फॉल्टिंग मॉड्यूलचं नाव, आणि सेफ मोडमध्ये काय होतं. दुसरा प्रोग्रॅम बंद केल्यावर त्रास थांबतो, हे कळलं तरी तक्रार दोन्हीकडे पाठवा. एकाने शॉर्टकट बदलण्याची सोय द्यायला हवी आणि दुसऱ्याने नकार पचवायला हवा. क्रॅशचा अहवाल जोडण्याआधी तो उघडून बघा, कारण त्यात फाइलची नावं आणि तुमच्या खात्याचं नाव असू शकतं; ते पुसूनच पाठवा.